जुना संगणक आणि नवे ग्राफिक्स कार्ड



वसंतातल्या व्याख्यानांत संतवाङ्मय, राज्यघटना, शेतीचे प्रश्न, नाट्यकला असे विषय यावयाचे, ही आपली जुनी रीत. त्या पंक्तीला आज संगणकावरचे खेळ आणि त्यांसाठी लागणारे एक कार्ड येऊन बसले आहे, हे पाहून वडीलधाऱ्या मंडळींना थोडे नवल वाटले असेल. परंतु हा प्रश्न आज पुष्कळ घरांत उभा आहे, आणि तो पोरांचा पोरखेळ म्हणून सोडून दिला तर घरचे दहा-वीस हजार रुपये निष्कारण जातात. आमच्या घरी तो कसा उभा राहिला, तेच आधी सांगतो.

२०२५ च्या दिवाळीत आमचा भाचा सांगलीहून आला. शिकवण्या करून त्याने दोन वर्षांत अठरा हजार रुपये साठवले होते. घरातला संगणक २०१४ च्या दिवाळीत आमच्या मेहुण्यांनी घेतलेला. फराळाचे ताट बाजूला सारून भाचा म्हणाला, "मामा, अठरा हजारांत बसेल ते सगळ्यांत मोठं ग्राफिक्स कार्ड सांगा. तेवढं बसवलं की झालं." मेहुणे आतून म्हणाले, "अकरा वर्षांच्या मशीनला आता काही लावू नका. म्हाताऱ्या बैलाला चांदीची झूल कशाला?" मुलाला खेळ खेळावयाचे होते हे खरे, पण त्याबरोबरच तो ब्लेंडर नावाच्या कार्यक्रमावर त्रिमिती चित्रे करावयास शिकत होता, आणि एकेक चित्र तयार होण्यास जुन्या कार्डावर रात्र जात होती. तेव्हा बाप-लेकांपैकी कोणाचे खरे, हे आम्ही ठरवावे असे ठरले. दोघांचेही अर्धे-अर्धे खरे होते, असे आम्हांस पुढे आढळून आले.

प्रथम हे कार्ड काय करते ते पाहू. पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. सर्वसाधारण मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. हालचाल सलग दिसावी म्हणून खेळात सेकंदाला ६० चित्रे काढावयाची, म्हणजे सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग ठरवावयाचा. उजेड कोठून पडला, सावली कोठे गेली, भिंतीचा पोत कसा, हे प्रत्येक ठिपक्यासाठी मोजावयाचे, आणि एका चित्राला वेळ मिळतो सेकंदाच्या साठाव्या भागाइतका, म्हणजे साडेसोळा मिलिसेकंदांहून किंचित अधिक. हे काम सोपे पण अफाट असते. म्हणून त्यासाठी शेकडो-हजारो लहान गणकयंत्रे एकाच वेळी राबणारा निराळा प्रोसेसर लागतो. तो आणि त्याची स्वतःची मेमरी एका पट्टीवर बसवली की ग्राफिक्स कार्ड झाले.

परंतु कोणते चित्र काढावयाचे हे कार्ड ठरवीत नाही. खेळातला माणूस कोठे उभा आहे, गोळी कोणास लागली, दार उघडले की नाही, हा सगळा हिशेब संगणकाचा मुख्य प्रोसेसर करतो, आणि मग "हे काढ" असा हुकूम कार्डाला देतो. (आपल्याकडे सबंध कॅबिनेटलाच 'सीपीयू' म्हणण्याची चाल पडली आहे, आम्ही येथे प्रोसेसर म्हणतो तो मदरबोर्डवरचा चौकोनी चिप.) लग्नाच्या पंगतीचे उदाहरण घ्या. भट्टीवर आचारी एकच आणि वाढपी चार असले, तर पाचवा वाढपी आणल्याने पानावर पुरी लवकर पडत नाही. पाचही जण परात घेऊन भट्टीपाशी उभे राहतात. उलट आचारी चार आणि वाढपी एक, तर पुऱ्यांचे डोंगर साचतात आणि पंगत उपाशी. येथे आचारी म्हणजे प्रोसेसर आणि वाढपी म्हणजे कार्ड. जुन्या संगणकाला मोठे कार्ड लावणारे बहुतेक लोक आचाऱ्याकडे न पाहता वाढपी वाढवतात.

आता आपल्या घरी अडते ते कोणाचे, हे ओळखण्यास एक पैसा लागत नाही. जो खेळ खेळावयाचा तो चालू करावा, आणि सेकंदाला किती चित्रे निघतात ते पाहावे. मग खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन ठिपक्यांची संख्या १९२० × १०८० वरून १२८० × ७२० वर आणावी. ठिपके निम्म्याहून कमी झाले, म्हणजे कार्डाचे काम निम्म्याहून कमी झाले. प्रोसेसरचे काम मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. आता चित्रांची संख्या चांगली वाढली, तर अडत होते ते कार्डाचे. ती जागच्या जागी राहिली, तर अडते ते प्रोसेसरचे, आणि नव्या कार्डावर घातलेला पैसा त्या खेळापुरता वाया जाणार. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्येही कार्ड किती टक्के राबते ते दिसते. ते सतत ९७-९८ टक्क्यांवर असेल तर अडते ते कार्डाचे.

भाच्याच्या यंत्रावर आम्ही ही परीक्षा केली. यंत्र असे: इंटेलचा कोअर आय-५ ४५९० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, बी-८५ जातीचा मदरबोर्ड, आणि जीटीएक्स ७५० टीआय हे २ जीबी मेमरीचे कार्ड. २०१४ सालच्या मध्यमवर्गीय घरात याहून बरे यंत्र क्वचित दिसे. 'व्हॅलोरंट' या खेळात ठिपके कमी केल्यावर काहीच फरक पडला नाही. शिवाय त्यात चित्रे मुळातच साठाच्या वर निघत होती, आणि त्याचा मॉनिटर सेकंदाला साठहून अधिक चित्रे दाखवूच शकत नाही! म्हणजे ज्या खेळाच्या नावाने मुलगा पैसे साठवीत होता, त्यात नव्या कार्डाने डोळ्यांना काडीचाही फरक दिसला नसता. मेहुण्यांचा चेहरा खुलला. पण मग 'रेड डेड रिडेम्पशन २' लावला. तेथे पूर्ण आकारात पंचविसाच्या आसपास चित्रे निघत होती, ती लहान आकारात चाळिशीजवळ गेली. येथे अडत होते ते कार्डाचेच. आणि ब्लेंडरमध्ये तर सारा भार कार्डावरच असतो. आता भाच्याचा चेहरा खुलला.

येथे एक खुलासा केला पाहिजे. चित्रांची सरासरी चांगली असूनही खेळ मध्येच अडखळतो, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. एस.टी.चे वेळापत्रक दर दहा मिनिटांस गाडी असे सांगते. पण अर्धा तास एकही गाडी न येता मग तीन गाड्या एकामागून एक आल्या, तरी सरासरी दहाच मिनिटांची राहते. स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाला विचारा त्या सरासरीचे काय ते! चित्रांचेही तसेच आहे. आणि हे अडखळणे पुष्कळदा रॅम अपुरी असल्याने किंवा ती एकाच पट्टीत असल्याने होते. ८ जीबीच्या एका पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्या जोडीने बसवल्या, तर १६०० वेगाच्या डीडीआर-३ रॅमचा रस्ता सेकंदाला १२.८ जीबीवरून २५.६ जीबी इतका रुंद होतो. जुन्या डीडीआर-३ पट्ट्या वापरलेल्या मिळतात, त्यांत बिघडण्याजोगे थोडे असते, आणि त्या कार्डाच्या मानाने स्वस्त पडतात. म्हणून आमची पहिली शिफारस कार्डाची नव्हती, रॅमच्या दुसऱ्या पट्टीची होती. प्रोसेसर दोनच गाभ्यांचा असेल, तर मात्र आम्ही कोणतेच कार्ड सुचविणार नाही. तो पैसा पुढच्या यंत्रासाठी ठेवावा.

आता ज्या गोष्टीपायी आम्ही स्वतः पोळलो ती सांगतो. ती म्हणजे एसएमपीएस, कॅबिनेटच्या मागे बसवलेला विजेचा डबा. कार्ड घेताना याच्याकडे कोणी पाहत नाही.

२०२१ साली कार्डांचे भाव आकाशाला भिडले होते. इथेरियम हे आभासी चलन कार्डांवर आकडेमोड करून मिळवता येत असे, त्यामुळे जगभर खोल्याच्या खोल्या भरून कार्डे राबत होती. अशा वेळी आम्ही जुन्या बाजारातून एक आरएक्स ५८० आणले. दुकानाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. आमच्या एसएमपीएसवर ठळक अक्षरांत ४५० वॉट असे छापले होते, आणि कार्डाला लागतात १८५ वॉट. तेव्हा चिंता कसली? कार्डाला आठ पिनांची वायर हवी होती, ती आमच्याकडे नव्हती. दुकानदाराने जुन्या चार पिनांच्या वायरींना जोडण्याचा एक तुकडा दिला. खेळ सुरू केला की पंधरा मिनिटांत यंत्र खट्‌कन बंद पडे. तिसऱ्या दिवशी जळका वास आला. उघडून पाहतो तो त्या जोडतुकड्याचे प्लॅस्टिक वितळून पिनांना चिकटलेले! दुकानदार म्हणाला, "साहेब, कार्ड चालू आहे. तुमच्या डब्याला मी काय करू?" आम्हांस राग आला, पण त्याचे म्हणणे खरे होते. चूक आमचीच होती.

चूक कोणती? त्या डब्यावरचे मोठे अक्षर वाचले आणि खालचा बारीक तक्ता वाचला नाही. एसएमपीएस निरनिराळ्या दाबांची वीज देतो. कार्ड आणि प्रोसेसर हे दोघेही मुख्यतः १२ व्होल्टच्या वाटेवर जगतात. त्या वाटेवर किती अँपिअर मिळतात ते तक्त्यात छापलेले असते. आमच्या डब्यावर ते १८ होते. बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसरचे ८४ आणि कार्डाचे १८५ मिळून झाले २६९. बादलीत पाणी नाही आणि आम्ही दोन घरांचे नळ उघडून बसलो होतो. शिवाय छापलेला आकडा सरासरीचा. क्षणभर कार्ड त्याहून अधिक ओढते. आणि दहा वर्षे वापरलेला डबा नव्यासारखे बळ देत नाही, त्यातले कपॅसिटर थकलेले असतात. म्हणून बेरीज केल्यावर चौथा हिस्सा तरी शिल्लक राहावा, असा हिशेब आम्ही तेव्हापासून धरतो.

हे ध्यानात ठेवण्यास सोपे आहे. मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत कार्ड बसते तो स्लॉट कार्डाला ७५ वॉटपर्यंत वीज देऊ शकतो. याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला निराळी वायर हवी. सहा पिनांची वायर आणखी ७५ वॉटची, आठ पिनांची १५० वॉटची. ही वायर एसएमपीएसमधूनच निघालेली असावी. ती नसेल तर तो डबा त्या कार्डासाठी केलेलाच नाही, असे समजावे. जोडतुकडे लावून त्याला फसवू नये. तो फसत नाही, जळतो.

स्लॉटची गोष्ट थोडी किचकट आहे, पण तिच्यात एक मोठा खड्डा आहे. स्लॉट वरून सगळे सारखेच दिसतात. त्यांच्या पिढ्या मात्र निराळ्या. यात सोळा पदर असतात; तिसऱ्या पिढीचा एक पदर सेकंदाला सुमारे १ जीबी माहिती नेतो, दुसऱ्या पिढीचा त्याच्या निम्मी, चौथ्या पिढीचा दुप्पट. नवे कार्ड जुन्या स्लॉटमध्ये बसते आणि चालतेही, यामुळे लोक निश्चिंत होतात. पण २०२२ च्या जानेवारीत आलेले आरएक्स ६५०० एक्सटी घ्या. हे कार्ड सोळांपैकी चारच पदर वापरते. नव्या यंत्रात चार पदर म्हणजे सेकंदाला ८ जीबी. भाच्याच्या यंत्रात ४ जीबी. आणि एच-८१ जातीच्या स्वस्त मदरबोर्डवर, जेथे स्लॉट दुसऱ्या पिढीचा असतो, केवळ २ जीबी. कार्डाची स्वतःची मेमरी पुरत असेल तोवर हे जाणवत नाही. पण त्यावर मेमरी आहे ४ जीबी. आजचे खेळ ती सहज ओलांडतात. मग उरलेला माल या अरुंद बोळातून सारखा ने-आण करावा लागतो, आणि चित्र गचके खाते. म्हणजे हे कार्ड ज्याच्याकडे जुने यंत्र आहे त्यालाच सर्वांत कमी फळ देते. आणि किमतीमुळे मोहात पडतो तोही तोच. त्याच मालिकेतले आरएक्स ६४०० हेही चारच पदरांचे.

इंटेलची आर्क कार्डे पुष्कळ जण सुचवितात. ती नव्या यंत्रात चांगली आहेत. परंतु त्यांना रिसायझेबल बार नावाची सोय लागते. प्रोसेसरला कार्डाची सबंध मेमरी एकदम दिसावी अशी ती व्यवस्था आहे. इंटेलने यासाठी स्वतःचे दहाव्या पिढीचे किंवा त्यापुढचे प्रोसेसर सांगितले आहेत. भाच्याचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा. तेव्हा तो मार्ग आपोआप बंद झाला.

नावांच्या जंगलात तर जाणताही चकतो. जीटी १०३० या एकाच नावाने दोन कार्डे विकली गेली. एकाची मेमरी सेकंदाला ४८ जीबी वेगाची, दुसऱ्याची १७ जीबीलाही न पोहोचणारी. डब्यावर नाव तेच, आतला माल तिसरा हिस्सा! आरएक्स ५८० च्या नावाखालीही २०४८ गणकांचे एक कार्ड फिरते. खऱ्या ५८० मध्ये ते २३०४ असतात. आरटीएक्स ३०५० चेही तसेच: २०२२ चे ८ जीबीचे कार्ड २५६० गणकांचे आणि १३० वॉट घेणारे, २०२४ च्या फेब्रुवारीत आलेले ६ जीबीचे कार्ड २३०४ गणकांचे आणि ७० वॉट घेणारे. येथे फरक नुसत्या मेमरीचा नव्हे, ही दोन निराळी कार्डे आहेत. गणकांच्या संख्येवरून एका पिढीचे कार्ड दुसऱ्या पिढीशी ताडून पाहू नये, हेही सांगितले पाहिजे. नव्या पिढीतला एक गणक जुन्यातल्या एकाएवढेच काम करतो असे नाही.

जुन्या बाजाराबद्दल आमचे मत लोक समजतात तितके वाईट नाही. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली, कार्डांवरची ती आकडेमोड थांबली, आणि राबलेली कार्डे बाजारात ओतली गेली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आजही अशी कार्डे मिळतात. अशा राबण्याने चिप मरतोच असे नाही. झिजतात ते पंखे, आणि कोरडी पडते ती चिप व मेमरीवरची उष्णता वाहणारी पेस्ट. म्हणून असे कार्ड घेताना ते डोळ्यांसमोर अर्धा तास पूर्ण भारावर चालवून पाहावे. पडद्यावर ठिपके-रेघा येतात का, पंखा खरखरतो का, हे बघावे. जीपीयू-झेड हा फुकट मिळणारा छोटा कार्यक्रम पेनड्राइव्हवर नेावा. जुन्या कार्डाला नव्याचे नाव चिकटवलेले असेल तर तो पुष्कळदा ते उघडे पाडतो. विक्रेता कार्ड चालवून दाखवावयास तयार नसेल, तर नमस्कार करून बाहेर पडावे.

मात्र जुन्या कार्डाच्या बाबतीत एक निराळी अडचण अलीकडे उभी राहिली आहे. कार्डाला विंडोजशी बोलण्यासाठी ड्रायव्हर लागतो, आणि नव्या खेळांसाठी तो कंपनीने सुधारीत राहावे लागते. एनव्हिडियाने ७५०, ९०० आणि १००० या मालिकांच्या कार्डांसाठी खेळांचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबविले. सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत देऊ असे सांगितले आहे. म्हणजे जुन्या बाजारातले लाडके जीटीएक्स १०६० चालेल, पण त्याचे वय आता उताराला लागले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चाही नेहमीचा आधार संपला, आणि भाच्याच्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. एनव्हिडियाने आरटीएक्स कार्डांसाठी विंडोज १० चे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याचे जाहीर केले आहे. यावरून या यंत्राला उरलेला काळ किती, याचा अंदाज आपणांस यावा. तो दोन-तीन वर्षांचा धरून आम्ही चाललो.

किरणांच्या मागोव्याचे, म्हणजे रे ट्रेसिंगचे, आकर्षण पोरांना फार असते. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' हा खेळ ती सोय कार्डात नसेल तर सुरूच होत नाही. पण त्या खेळाला प्रोसेसरही तितकाच तगडा हवा. अशा खेळांच्या मागे जुन्या यंत्राने धावू नये.

आता निवड. आमच्यापुढे शेवटी दोन कार्डे उरली. एक आरएक्स ६६००, ८ जीबीचे, १३२ वॉट घेणारे. दुसरे ते २०२४ चे आरटीएक्स ३०५०, ६ जीबीचे, ७० वॉटचे. खेळांत पहिले दुसऱ्यापेक्षा सरळ सरळ वरचढ आहे, यात शंका नाही. भाच्याचे मन त्यावरच बसले होते. आम्ही त्याला कॅबिनेटचे झाकण काढावयास लावले आणि म्हटले, "डब्यावरचा तक्ता तू वाच, बेरीज तूच कर." १२ व्होल्टवर २४ अँपिअर, म्हणजे २८८ वॉट. प्रोसेसरचे ८४, कार्डाचे १३२, बाकी पंखे, डिस्क, मदरबोर्ड यांचे अंदाजे ४०, एकूण २५६. अकरा वर्षांच्या डब्यावर उरले ३२ वॉट. आणि आठ पिनांची वायर नव्हतीच. म्हणजे ६६०० घ्यावयाचे तर नवा एसएमपीएस हवा, आणि मग रॅमला पैसा उरत नाही. दुसऱ्या कार्डाची बेरीज आली १९४, म्हणजे क्षमतेचा तिसरा हिस्सा शिल्लक, वायरही नको. ते आठ पदर वापरते, तेव्हा त्याच्या स्लॉटमधून सेकंदाला ८ जीबीचा रस्ता मिळतो. ब्लेंडरच्या कामाला ऑप्टिक्स ही एनव्हिडियाची सोय उपयोगी पडते, ती वेगळीच.

मुलगा गप्प होता. मग म्हणाला, "मामा, पण दोन वर्षांनी नवीन मशीन घेतलं तर ६६०० तिकडे नेता आलं असतं." प्रश्न बरोबर होता, आणि त्याचे पूर्ण समाधान आमच्याजवळ नव्हते. ज्याच्या गाठी पाच हजार रुपये अधिक आहेत, त्याने चांगल्या प्रतीचा ५५० वॉटचा एसएमपीएस आणि ६६०० घ्यावे. दोन्ही वस्तू पुढच्या यंत्रात जातात, आणि तो सौदा अधिक दूरदृष्टीचा आहे. आमच्या भाच्याजवळ ते पाच हजार नव्हते. वडिलांकडून मागावयाचे नाहीत, हे त्याचे त्यानेच ठरवले होते. म्हणून ३०५० आणि रॅमची एक पट्टी, असे ठरले.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टी आडव्या आल्या. ३०५० च्या काही नमुन्यांवर कंपन्यांनी सहा पिनांची जोडणी ठेवलेली असते. ती नसलेला नमुना मागून घ्यावा लागला. दुसरी मॉनिटरची. त्याचा मॉनिटर व्हीजीए आणि डीव्हीआय जोडण्यांचा; नव्या कार्डांवर एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट एवढेच असते. डीव्हीआय असल्याने एका साध्या केबलवर भागले. नुसता व्हीजीए असता, तर विजेवर चालणारा कन्व्हर्टर घ्यावा लागला असता. घरून निघण्यापूर्वी कॅबिनेटची आतली लांबीही पट्टीने मोजावी. कार्ड हार्डडिस्कच्या खणावर आपटले म्हणून परत घेऊन जाणारे गिऱ्हाईक दुकानदारास आवडत नाही.

बसवताना मुख्य वायर काढली, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली, स्लॉटच्या टोकाची खिटी दाबून जुने कार्ड सोडवले. बायोस आधीच अद्ययावत करून ठेवले होते. न केल्यास जुन्या मदरबोर्डवर नवे कार्ड कधी कधी काळा पडदाच दाखवते, आणि माणूस कार्डाला दोष देत बसतो. प्रोसेसरच्या पंख्यातून मूठभर धूळ निघाली. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात होते, ते बाहेर काढून भिंतीपासून वीतभर दूर ठेवले. सांगलीच्या वैशाखात खोलीतच चाळीस अंश असताना कप्प्यात कोंडलेले कार्ड ऐंशीच्या वर जाते आणि स्वतःचा वेग स्वतःच कमी करून घेते. मग नव्या कार्डाचे पैसे देऊन जुन्याचे काम मिळते.

त्या रात्री 'रेड डेड'मध्ये चित्रे पन्नाशीच्या पुढे गेली, मध्येच प्रोसेसर अडल्यामुळे कोठे कोठे खालीही आली. 'व्हॅलोरंट' होते तसेच राहिले. ब्लेंडरचे जे चित्र जुन्या कार्डावर रात्रभर चाले, ते जेवण होऊन पान लावीपर्यंत तयार झाले. मेहुण्यांनी ते पडद्यावर पाहिले. सांगलीच्या घाटावरचे मंदिर होते. बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, "हे छापून मिळतं का रे?"

जुने ७५० टीआय आम्ही विकू दिले नाही. ते मूळ पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवले आहे. नवे कार्ड वॉरंटीत दुरुस्तीला गेले, तर ते महिने काढावयास तेच लागेल.